वाचनमंडळाचा शोध : रायपुरातील मराठी वाचकाने कुठे जावे, काय विचारावे

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीत मराठी पुस्तक वाचणाऱ्याला दोन गोष्टी सहजासहजी मिळत नाहीत. एक, नवे मराठी पुस्तक आणि दुसरी, त्या पुस्तकाविषयी बोलायला आणखी एक वाचक. पहिली अडचण टपाल, रेल्वे आणि मोबाईल फोनने बरीच हलकी केली आहे. दुसरी अजून तशीच आहे. पुस्तक घरपोच मागवता येते, वाचक मागवता येत नाही. तो शोधावा लागतो.

हा शोध सोपा करणारी व्यवस्था म्हणजे वाचनमंडळ, म्हणजेच हल्ली सर्रास ज्याला 'बुक क्लब' म्हटले जाते ती. महिन्यातून एकदा काही माणसे एकत्र जमतात, ठरलेल्या पुस्तकावर बोलतात आणि पुढचे पुस्तक ठरवून घरी जातात, एवढेच तिचे स्वरूप. पुणे, मुंबई किंवा नागपूरमध्ये अशी मंडळे वाचनाची हौस वाढवतात. रायपूरसारख्या शहरात त्यांच्यावर याहून मोठी जबाबदारी येते. येथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. परंतु मुलांचे शिक्षण हिंदी वा इंग्रजी माध्यमातून होते आणि वाचनाची भाषा शाळेची भाषा ठरते. आजीला कादंबरी प्रिय, आईला मासिकापुरते वाचन पुरे आणि नातवाला मराठी कळते पण वाचायचा कंटाळा, असे चित्र परप्रांतातील मराठी घरांना अनोळखी नाही. बोलीपुरती उरलेली भाषा आणखी एका पिढीत स्वयंपाकघराबाहेर पडेनाशी होते. म्हणून रायपुरातील मराठी वाचकासाठी वाचनमंडळ कसे शोधावे, त्यात कसे सामील व्हावे आणि ते नसल्यास काय करावे, या प्रश्नांना महत्त्व आहे.

मराठीचा येथील जुना वावर

रायपूर आणि मराठी यांचे नाते अलीकडच्या स्थलांतरातून जन्मलेले नाही. अठराव्या शतकात छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला. पुढे ब्रिटिश काळात मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती आणि १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूरचा कारभार नागपूरशी जोडलेला राहिला. कारकुनी, वकिली, शिक्षकी आणि रेल्वेची नोकरी यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. शहरातील तात्यापारा, लाखेनगर ही नावे आजही त्या वावराची आठवण देतात.

या शहराच्या वाचनसंस्कृतीत मराठी भाषकांचा वाटाही मोलाचा आहे. 'छत्तीसगढ मित्र' हे या प्रदेशातील आरंभीचे हिंदी मासिक जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून सुरू झाले. त्यामागे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे तिघे मराठी गृहस्थ होते. मासिक तीन वर्षे चालले. सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा याच मासिकात १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनीच हिंदीत नेले. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले.

संस्थात्मक पातळीवर चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. १९८१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ५६ वे अधिवेशन रायपुरात भरले आणि कथाकार गंगाधर गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. महाराष्ट्राबाहेरच्या शहराला हा मान मिळतो तो तेथील वाचकांच्या बळावर. ते बळ आज विखुरलेले आहे. त्याला पुन्हा एका खोलीत आणण्याचे काम वाचनमंडळ करू शकते.

मंडळांचे प्रकार

सामील होण्याआधी आपल्याला कोणत्या प्रकारचे मंडळ हवे, हे ठरवणे उपयुक्त ठरते. कारण 'बुक क्लब' या एका नावाखाली निरनिराळ्या पद्धती चालतात.

पहिली पद्धत एका पुस्तकाची. सर्व सदस्य तेच पुस्तक वाचून येतात आणि त्यावर चर्चा होते. चर्चा खोल जाते, पण प्रत्येकाला प्रत मिळणे आवश्यक असते. दुसरी पद्धत विषयाची. 'आत्मचरित्र' किंवा 'गाव' असा विषय ठरतो आणि ज्याला जे पुस्तक मिळेल ते वाचून तो त्याचा परिचय करून देतो. मराठी पुस्तकांच्या प्रती जेथे कमी, तेथे ही पद्धत सोयीची.

तिसरी पद्धत मूक वाचनाची. जो तो आपले पुस्तक घेऊन येतो, तासभर शांतपणे वाचतो आणि शेवटी हवे असल्यास चार शब्द बोलतो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये अशा मूक वाचनगटांची सुरुवात झाली. भारतात बंगळुरूच्या कबन पार्कमध्ये शनिवारी जमणाऱ्या 'कबन रीड्स'मुळे २०२३ च्या सुमारास ही कल्पना सर्वतोमुखी झाली आणि दिल्लीतील लोधी उद्यान व मुंबईतील जुहूसह अनेक ठिकाणी तसेच गट उभे राहिले. संकोची वाचकाला हा प्रकार सर्वांत सोपा वाटतो.

चौथी पद्धत मराठी मनाला जुनीच आहे : एकाने वाचायचे आणि इतरांनी ऐकायचे. पोथीचे पारायण, 'ज्ञानेश्वरी'चे निरूपण, दासबोधाची सभा यांतून सामूहिक वाचनाची सवय घराघरांत होती. आजचे अभिवाचन हे तिचेच लौकिक रूप. ज्येष्ठांची दृष्टी मंदावलेली असेल किंवा तरुणांना वाचनाचा सराव नसेल, तर अभिवाचनाचा गट दोघांनाही सामावून घेतो.

पाचवा प्रकार पुस्तक भिशीचा. दरमहा प्रत्येकाने ठरावीक रक्कम भरायची आणि चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल त्याने त्या पैशांतून पुस्तके घ्यायची. महाराष्ट्रात काही ठिकाणी रुजलेल्या या पद्धतीत बाराजणांच्या गटाने वर्ष पूर्ण केले की बारा घरांत लहान लहान ग्रंथसंग्रह तयार होतात. ते संग्रह आपसांत फिरवले की गटाचे स्वतःचे ग्रंथालयच उभे राहते.

शोध कोठे घ्यावा

रायपुरात पहिली चौकशी महाराष्ट्र मंडळात करणे स्वाभाविक आहे. तेथे विचारताना 'तुमच्याकडे बुक क्लब आहे का' एवढाच प्रश्न पुरेसा नाही, कारण त्या नावाचा उपक्रम नसला तरी मराठी पुस्तकांचे कपाट, महिलांचा वाचनगट, नाट्यवाचन किंवा ज्येष्ठांची साप्ताहिक बैठक यांपैकी काही चालत असण्याची शक्यता असते. मराठी पुस्तके कोण नेते, कोण परत आणते, नव्या पुस्तकांची मागणी कोण करते, हे विचारल्यास वाचक नावानिशी सापडतात.

दुसरे ठिकाण ग्रंथालयांचे. २०१८ मध्ये सुरू झालेला आणि चोवीस तास खुला असणारा नालंदा परिसर ही रायपूरची मोठी वाचनसोय आहे. तेथील बहुतांश गर्दी स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची असते, त्यामुळे साहित्यचर्चेचा गट तेथे आपोआप भेटेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र अशा परिसरातील सूचनाफलक आणि तेथे नियमित येणारे वाचक यांच्यामार्फत शहरातील गटांचा माग लागू शकतो.

तिसरे ठिकाण साहित्यिक कार्यक्रमांचे. महंत घासीदास संग्रहालयाच्या परिसरात व शहरातील अन्य सभागृहांत हिंदी, छत्तीसगढी साहित्याचे कार्यक्रम होत असतात. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात भाषा व साहित्याचे अध्यापन चालते. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटे रेंगाळणारी माणसे हीच बहुधा वाचनगटांची सदस्य असतात. त्यांच्याशी ओळख करून घेतल्यास पुढची बैठक कोठे आहे ते कळते.

चौथे ठिकाण घराच्या सर्वांत जवळचे. गणेशोत्सव, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू, भजनी मंडळ अशा प्रसंगी मराठी कुटुंबे एकत्र येतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देण्याची प्रथा काही घरांनी स्वीकारली आहे. ज्या घरी असे वाण मिळाले त्या घरी पुस्तकाची चौकशी करण्यास निमंत्रणाची गरज नसते.

मोबाईलवरील गटांतूनही शोध घेता येतो. तथापि अनेक 'वाचक' गटांत शुभेच्छा आणि अग्रेषित मजकूरच अधिक असतो. गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष कोणते पुस्तक वाचले गेले, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून गटाचे खरे स्वरूप समजते.

सदस्य होण्यापूर्वीचे प्रश्न

मंडळ सापडल्यावर लगेच वर्गणी भरण्याऐवजी एका बैठकीस पाहुणा म्हणून बसू द्यावे, अशी विनंती करावी. चांगले मंडळ ती आनंदाने मान्य करते. पाहुणा म्हणून जाताना काही गोष्टी जाणून घ्याव्यात.

चर्चा कोणत्या भाषेत होते आणि पुस्तके कोणत्या भाषेतील असतात? पुस्तक कोण निवडते : एकच व्यक्ती, पाळीपाळीने प्रत्येकजण की मतदानाने? दोन बैठकींत किती दिवसांचे अंतर असते? वर्गणी असल्यास ती कशासाठी वापरली जाते : पुस्तकांसाठी, चहापाण्यासाठी की जागेच्या भाड्यासाठी? पुस्तक पूर्ण झाले नसेल तर येण्यास हरकत आहे का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटला तरी निर्णायक असतो. पुस्तक अपुरे राहिल्याच्या संकोचानेच अनेक सदस्य बैठक चुकवतात आणि दोन बैठका चुकल्या की परतत नाहीत.

जागा आणि वेळ यांचाही विचार हवा. रायपूरच्या कडक उन्हाळ्यात दुपारची बैठक ज्येष्ठांना झेपत नाही. रात्री उशिरा संपणारी बैठक एकट्या येणाऱ्या महिलांना गैरसोयीची ठरते. जिने चढावे लागतात का, बस किंवा रिक्षा मिळते का, हे आधीच पाहिलेले बरे. अनोळखी गटाची पहिली भेट खासगी घराऐवजी मंडळाच्या सभागृहात, ग्रंथालयाच्या आवारात किंवा बागेत झाली तर नवख्याला मोकळेपणा वाटतो.

काही बाबी सावध करणाऱ्या असतात. चर्चेपेक्षा पुस्तकविक्रीवर भर, पहिल्याच दिवशी मोठ्या अनामत रकमेची मागणी, सदस्यांच्या लेखनाला पैसे घेऊन छापून देण्याचे प्रस्ताव किंवा एकाच वक्त्याचे प्रवचन आणि इतरांची मौन हजेरी, असे आढळल्यास ती बैठक दुसऱ्या कोणत्या तरी हेतूने भरली आहे असे समजावे.

पहिल्या बैठकीची तयारी

नव्या सदस्याला बहुधा एकच भीती असते : आपल्याला समीक्षकासारखे बोलता येणार नाही. तसे बोलण्याची आवश्यकताही नसते. पुस्तक वाचताना तीन खुणा केल्या तरी तयारी पुरेशी होते. जेथे थांबावेसे वाटले ती जागा, जेथे लेखकाचे म्हणणे पटले नाही ती जागा आणि जी समजली नाही ती जागा. पृष्ठक्रमांक लिहून ठेवावेत. 'छान आहे' किंवा 'कंटाळवाणे आहे' या अभिप्रायाने चर्चा तेथेच संपते. 'या पानावर नायिका गप्प का राहिली असेल' या प्रश्नाने ती सुरू होते.

आठ ते बारा जणांचा गट चर्चेस सोयीचा. त्याहून मोठ्या गटात मोजकेच बोलतात. प्रत्येकाने प्रथम दोन मिनिटे बोलावे आणि त्यानंतर खुली चर्चा व्हावी, या साध्या नियमाने अबोल सदस्यांनाही वाव मिळतो. राजकारण, जात, धर्म यांना स्पर्श करणारी पुस्तके टाळण्यापेक्षा चर्चेत पुस्तकातील मजकुराचा आधार देण्याची शिस्त पाळणे अधिक हिताचे. मतभेद झाला की पान उघडायचे आणि तेथे काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचायचे. बहुतेक वाद त्यानंतर सौम्य होतात, काही अधिक रंगतदार होतात.

पुस्तके कशी मिळवावीत

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अनुदानित वाचनालयांचे जाळे निर्माण झाले आणि लहान गावातही मराठी पुस्तक मिळण्याची सोय झाली. रायपूरच्या मराठी वाचकाला त्या जाळ्याचा लाभ नाही. मात्र सुमारे तीनशे किलोमीटरवरील नागपूर थेट रेल्वेमार्गावर आहे आणि येणेजाणे नित्याचे आहे. नागपूरला जाणाऱ्या सदस्याकडे गटाची यादी देणे हा सर्वांत जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग.

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही सवलतीची सेवा सुरू केली. तिचा आरंभीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा ठरवण्यात आला. पाठवण्यापूर्वी चालू दर व अटी टपाल कार्यालयात विचारून घ्याव्यात. महाराष्ट्रातील नातेवाइकांनी वाचून झालेली पुस्तके या मार्गाने पाठवली तर अल्प खर्चात गटाचा संग्रह वाढतो.

पुस्तकपेटीची कल्पनाही अनुकरणीय आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे दिली जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. हा उपक्रम महाराष्ट्राच्या सीमा ओलांडून दुबईसारख्या शहरांतही पोहोचला. रायपूर, भिलाई, बिलासपूर येथील मराठी कुटुंबांनी तीन पेट्या केल्या आणि चार महिन्यांनी त्या एकमेकांकडे पाठवल्या, तर एका पेटीच्या खर्चात तीन पेट्या वाचून होतात.

प्रती कमी पडल्या की पुस्तकाचे फोटो काढून किंवा पीडीएफ करून गटात पाठवण्याचा मोह होतो. स्वामित्वहक्क असलेल्या पुस्तकाबाबत हे बेकायदेशीर आहे आणि मराठीसारख्या मर्यादित बाजारपेठेत लेखक-प्रकाशकांचे थेट नुकसान करणारे आहे. त्याऐवजी कायद्याने मोकळी झालेली पुस्तके निवडता येतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे हरि नारायण आपटे, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचे मूळ लेखन आज सर्वांसाठी खुले आहे. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा किंवा अनुवाद यांचे हक्क मात्र वेगळे असू शकतात.

मराठी कळते, पण वाचता येत नाही

रायपुरातील मंडळाची खरी कसोटी तरुण सदस्यांबाबत लागते. येथे एक मोठी सोय हाताशी आहे : मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी आहे. हिंदी वाचणाऱ्या आणि घरी मराठी ऐकणाऱ्या मुलाला नवी लिपी शिकावी लागत नाही. सवय तेवढी करावी लागते.

अडखळण्याच्या जागा मोजक्याच आहेत. 'ळ' हे अक्षर प्रमाण हिंदीत नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतील अर्धा र हिंदी वाचकाला अपरिचित असतो. 'च' आणि 'ज' यांचे मराठीत दोन उच्चार होतात : 'चार' या आकड्यातील च वेगळा आणि गुरांच्या 'चारा'तील च वेगळा. लिपीत हा भेद दिसत नसल्याने तो कानानेच शिकावा लागतो. याखेरीज दिसायला सारखे पण अर्थाने भिन्न शब्द असतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'यातायात' म्हणजे वाहतूक, मराठीत दगदग. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. अशा शब्दांवर तरुण सदस्य हसले तर ते शिकत आहेत असे समजावे.

या सर्वांवर मोठ्याने वाचन हा उत्तम उपाय. ज्येष्ठ सदस्याने दोन पाने वाचावीत आणि तरुणाने तिसरे. पहिली काही पुस्तके लहान असावीत. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ मधील 'बनगरवाडी' ही कादंबरी आकाराने आटोपशीर, भाषेने साधी आणि चर्चेला भरपूर विषय देणारी आहे. जाडजूड ऐतिहासिक कादंबरीने सुरुवात केल्यास दुसऱ्या बैठकीला खुर्च्या रिकाम्या राहण्याची शक्यता अधिक.

दोन भाषांचे एक मंडळ

मराठी वाचकांचा गट सापडला नाही, तर शहरातील हिंदी मंडळात सामील होणे हा पर्याय कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. रायपूर हे ज्ञानपीठ पुरस्काराने सन्मानित विनोद कुमार शुक्ल यांचे शहर आहे आणि 'नौकर की कमीज', 'दीवार में एक खिड़की रहती थी' या त्यांच्या कादंबऱ्या येथील कोणत्याही वाचनगटात अग्रक्रमाने येण्याजोग्या आहेत. मराठी सदस्य अशा मंडळात एक वेगळी गोष्ट आणू शकतो : एकच पुस्तक दोन भाषांत वाचण्याची पद्धत. शिवाजी सावंत यांचे 'मृत्युंजय' हिंदीत त्याच नावाने उपलब्ध आहे. दया पवार यांचे १९७८ मधील 'बलुतं' हिंदीत 'अछूत' या नावाने आले. काहींनी मूळ आणि काहींनी अनुवाद वाचला, की चर्चा आपसूक भाषेकडे वळते. 'बलुतं' या शब्दात सामावलेली गावगाड्याची व्यवस्था 'अछूत' या शब्दात किती उतरली, हा प्रश्न एका संपूर्ण बैठकीला पुरतो.

या भागाचा इतिहासही अशा दुहेरी वाचनाला अनुकूल आहे. रायपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवरील राजनांदगाव येथे गजानन माधव मुक्तिबोध यांनी १९५८ पासून अखेरच्या वर्षांपर्यंत अध्यापन केले. घरची भाषा मराठी असलेला हा कवी हिंदीत लिहिता झाला, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील मान्यवर कवी व कादंबरीकार ठरले. दोन भावांच्या कविता शेजारी ठेवून वाचण्याची संधी ज्या वाचकांना दोन्ही भाषा येतात त्यांनाच मिळते, आणि रायपूरचा मराठी माणूस त्या भाग्यवंतांपैकी आहे. याच राजनांदगावात रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ नोकरीस होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त त्या दिवसांच्या आठवणी येतात. परप्रांतातील मराठी संसाराचे इतके जिवंत चित्रण रायपुरात वाचताना ते शेजारच्या गावातले वाटते.

मंडळ नसेलच तर

शोध निष्फळ ठरला तर चार माणसे पुरेशी आहेत. संस्थेची नोंदणी, पदाधिकारी, बोधचिन्ह यांची घाई करू नये. एक ठरलेला दिवस, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा रविवार, एक ठरलेली जागा आणि पुढील सहा महिन्यांची पुस्तके एवढे निश्चित करावे. दिवस दर वेळी सर्वांना विचारून ठरवू लागले, की गट लवकर मोडतो. ठरलेल्या दिवशी तिघेच आले तरी बैठक घ्यावी.

सहा महिन्यांची योजना अशी असू शकते. पहिल्या महिन्यात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी', जी बैठकीतच वाचून होते आणि कोणालाही घरचा अभ्यास लागत नाही. दुसऱ्या महिन्यात 'बनगरवाडी'. तिसऱ्यात 'स्मृतिचित्रे'तील राजनांदगावचा भाग, अभिवाचनाने. चौथ्यात गंगाधर गाडगीळ यांच्या निवडक कथा, रायपूरच्या संमेलनाच्या आठवणी असलेल्या ज्येष्ठांना निमंत्रण देऊन. पाचव्यात विनोद कुमार शुक्ल यांची एक कादंबरी हिंदीतून. सहाव्यात प्रत्येकाने आपल्या घरातील सर्वांत जुने मराठी पुस्तक आणावे, ते कोणी घेतले आणि कोणी वाचले हे सांगावे. परप्रांतातील मराठी घरांत अशी पुस्तके माळ्यावर, ट्रंकेत आणि देवघराच्या कपाटात पडून असतात. त्यांच्या पहिल्या पानावर आजोबांची सही आणि विकत घेतल्याची तारीख असते.

प्रत्येक बैठकीची नोंद एका वहीत ठेवावी : तारीख, पुस्तक, उपस्थिती आणि चर्चेतून निघालेला एखादा प्रश्न. वर्षअखेर ती वही महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेला दाखवली, तर जागा, कपाट किंवा पुस्तकांसाठी साहाय्य मागताना ती कोणत्याही अर्जापेक्षा प्रभावी ठरते. नवा सदस्य आला तर त्यालाही आपण कोठे येत आहोत ते वहीवरून समजते.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. हे आकडे आणि हा मान महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला अभिमानाचा आनंद देतात. नातवाच्या हाती पुस्तक मात्र ते देऊ शकत नाहीत. ते काम एखाद्या रविवारी, आठ-दहा खुर्च्यांच्या खोलीत, कोणीतरी पान उघडून मोठ्याने वाचू लागल्यावरच होते. रायपुरात अशा खोलीचा पत्ता विचारणाऱ्याने उत्तर मिळाले नाही, तर आपल्याच घराचा पत्ता इतर तिघांना द्यावा.